या तोंडाला दिवसभर काय काम?

मॅडमनी पहिल्याच दिवशी आमचे आरसे काढून घेतले. दात तपासायचा तो लांब दांडीचा छोटा गोल आरसा आम्ही एप्रनच्या वरच्या खिशात मुद्दाम दिसेल असा खोचून हिंडायचो. इंटर्नशिप नुकतीच सुरू झाली होती आणि कॅन्टीनवाल्यानं ‘डॉक्टरसाब’ म्हणावं, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा होती. मॅडमनी ते सगळे आरसे एका स्टीलच्या डब्यात टाकले, झाकण दाबून लावलं आणि डबा आपल्या पिशवीत ठेवला. पेशंटशी नीट बोलून झालं की ज्याचा त्याला आरसा परत मिळेल, असं सांगितलं. तोंड काही पळून जात नाही, आत डोकवायची घाई करू नका.

ग्वाल्हेरच्या बाहेरच्या अंगाला आमचं डेंटल कॉलेज होतं. इंटर्नना आळीपाळीनं सगळ्या विभागांत काम करावं लागे, आणि त्यांतला सार्वजनिक दंत आरोग्याचा विभाग म्हणजे निव्वळ आराम, असं सीनियर सांगायचे. गाडीत बसून वस्तीत जायचं, शाळेतल्या मुलांना ब्रश कसा करायचा ते दाखवायचं, फोटो काढायचा आणि परत यायचं. मॅडम बदली होऊन त्या विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या हे सीनियरना ठाऊक नव्हतं. बुटकी मूर्ती, सुती साडी, साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. चालायला लागल्या की आम्ही विशी-बाविशीतली मुलं मागे पडायचो.

पेशंटला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, हे सगळं नंतर. आधी त्या पेशंटसमोर बसकण मारायच्या आणि विचारायच्या, “इस मुँह से दिनभर क्या-क्या करते हो?”

लोक गोंधळायचे. खातो, अजून काय, असं बहुतेकांचं उत्तर. एका बाईनं पदर तोंडाला लावून हसत सांगितलं, की सासूशी भांडते. मॅडम हसल्या नाहीत. साधारण किती वेळ, असं त्यांनी विचारलं, आणि ती बाई खरोखरच आठवायला लागली.

हे बाईंचं वेड आहे की शिकवणं, ते मला बरेच दिवस कळलं नाही. पण हळूहळू उत्तरं साठत गेली. शिवणकाम करणारी बाई दोरा दातानं तोडते आणि तिच्या पुढच्या दाताच्या कडेला बारीक खाच पडलेली असते. सुतार खिळे ओठांत धरतो. चाटवाला मसाला चाखून चाखून दमतो. आमच्या पुस्तकांत दात हे चावायला, बोलायला आणि दिसायला असायचे. मॅडमच्या वस्तीत ते कात्री, चिमटा, पक्कड आणि तराजू होते.

तराजू मी उगाच म्हणत नाही. एकदा त्या आम्हाला सगळ्यांना घेऊन दाल बाज़ारात गेल्या. घाऊक दुकानांच्या त्या रस्त्यावर पोत्यांमधून वाट काढत एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या गादीवर आम्हाला बसवलं आणि त्याला म्हणाल्या, भैया, ज़रा इनको दिखाओ. त्यानं पोत्यातून एक हरभरा उचलला, दाढेखाली धरला, फोडला. टक्क असा आवाज आला. “नमी है,” तो म्हणाला आणि दाणा थुंकून टाकला. असं तो दिवसभर करतो, त्याचे वडीलही करायचे. मॅडमनी त्याला तोंड उघडायला लावलं. ज्या दाढेनं तो दाणे फोडायचा, तिचा माथा घासून पार सपाट झालेला होता.

“उद्या ही दाढ किडली आणि तुम्ही तिच्यावर टोपी बसवली,” मॅडमनी आम्हाला विचारलं, “तर ओला दाणा आणि कोरडा दाणा याला कळेल का?”

आम्हाला कुणालाच सांगता येईना. 

“मलाही माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर आलो.”

मग त्यांनी हरभरे घेऊन आम्हा प्रत्येकाला एकेक दाणा फोडायला लावला. फरक आम्हाला काही कळला नाही, पण सौरभ नावाच्या आमच्या मित्राचं फिलिंग निघून हातात आलं. ते आमच्याच वर्गातल्या एका मुलीनं केलेलं होतं. परत येईपर्यंत ती सौरभशी बोलली नाही.

घरी मी हे सगळं सांगायची तेव्हा आईला दुसरीच उत्सुकता. मॅडम कुठल्या? जुन्या राजवाड्याच्या, गोरखीकडच्या का? ग्वाल्हेरात आम्ही मराठी माणसं अशी किती, त्यामुळे दोन-चार फोन केले की कुणाचंही मूळ सापडतं. आमचं घराणं दक्षिणेतून फौजेबरोबर आलेलं. मॅडमचं पुरोहितांचं निघालं, दरबारात मान असलेलं. आईनं आश्चर्यानं विचारलं, आणि त्या कुणाकडेही चहा पितात? मी म्हटलं, पितात, आणि स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचे डबेही उघडून बघतात. साखर किती, गूळ किती, तंबाखूची पुडी कुठे. एका वस्तीत एका सकाळी त्या इतका चहा पीत, की दुपारी त्यांचं बोलणं नेहमीपेक्षा वेगानं चालायचं.

त्यांच्याबद्दल कॉलेजात निरनिराळ्या गोष्टी सांगत. चालतं क्लिनिक बंद करून आल्या. नवऱ्याशी पटलं नाही. एका पेशंटचं काहीतरी वाईट झालं आणि मनाला लागलं. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात खरी वाटायची, कारण एवढं वेड कशातून तरी आलं असणार असं मी गृहीत धरलं होतं. एकदा गाडीत आम्ही दोघीच पुढच्या सीटवर होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं. त्यांनी थोडा वेळ खरंच विचार केला.

“तसं काही नाही झालं गं,” त्या म्हणाल्या. “क्लिनिकमध्ये मला बोअर व्हायचं. मला लोकांच्या घरी जायला आवडतं. दुसऱ्याचं घर आतून बघायला कुणाला नाही आवडत?”

मी थोडी निराशच झाले.

पण त्यांची खरी खोड वेगळी होती. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या ज्या वस्तीत आम्ही जात होतो, तिथल्या शाळेला छोटं पटांगण होतं. त्याच्या एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला नळ. एखाद्या पेशंटचं काय करायचं हा प्रश्न आला, की मॅडम सगळ्यांना तिथं गोळा करायच्या. दात काढायचा म्हणणारे फाटकाकडे, ठेवायचा म्हणणारे नळाकडे. मध्ये उभं राहायला परवानगी नाही. मध्ये फक्त पेशंट उभा राहू शकतो, असं त्यांचं म्हणणं. मग बाजू मांडायची. पटलं तर चालत पलीकडे जायचं, पण जाताना का जातोय ते मोठ्यानं सांगायचं. वस्तीतली माणसं भिंतीवर बसून हे बघायची.

आणि कुणी एकटं पडलं, तर मॅडम त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहायच्या. एकदा सौरभ नळाशी एकटा उभा होता. मॅडम गेल्या आणि त्याची बाजू अशी मांडली की अर्धा वर्ग तिकडे गेला. मग साडी सावरत त्या शांतपणे फाटकाकडे परत आल्या. “मला स्वतःला नाही वाटत दात वाचेल,” त्या म्हणाल्या. नुसतं एकटं पडलो म्हणून कुणी मत बदलू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या वस्तीत प्रत्येकाला काही घरं नेमून दिलेली होती. माझ्या घरांपैकी एक हबीब चाचांचं. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, फार सभ्य बोलणारे. दिवसभर या तोंडानं काय करता, असं मी त्यांना शिकवल्याप्रमाणे विचारलं. त्यांनी सांगितलं, भाकरी खातो, बीडी सोडली आहे, आणि लग्नाच्या मोसमात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो.

मला आरसा परत मिळाला तेव्हा त्यांच्या तोंडात जे दिसलं ते काही चांगलं नव्हतं. खालचे पुढचे चार दात हिरड्यांतून सुटत आलेले, बोट लावलं की हलायचे. साखर वाढलेली, आणि साखरेनं हिरड्या अजूनच खचल्या होत्या. पुस्तकात याला एकच उत्तर आहे. मीही मनात तेच ठरवलं होतं. केवळ कुतूहल म्हणून मी म्हटलं, चाचा, वाद्य तोंडात कसं धरता ते दाखवा ना. त्यांनी भिंतीवरच्या खुंटीवरून क्लॅरिनेटची पेटी काढली, वाद्य जोडलं. मग खालचा ओठ दातांवर आत दुमडला आणि त्यावर वाद्याचं टोक ठेवलं. म्हणजे वाद्याचा सगळा भार त्या चार हलणाऱ्या दातांवर. वरच्या पट्टीतले सूर आता लागत नाहीत, ते म्हणाले. दात मागे जातात.

देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशी जवळ आली होती. त्यानंतर लग्नं सुरू. चार दात काढले तर तो मोसम गेलाच, आणि या वयात पुन्हा ओठ बसेल याची खात्री नाही.

पटांगणात मी हे सगळं सांगितलं आणि नळाकडे गेले. बाकीचे सगळे फाटकाकडे. मी मॅडमची वाट बघत उभी राहिले. त्या आल्या नाहीत. फाटकाशीच उभ्या राहिल्या.

एरवी चारचौघांत त्या सगळ्यांशी हिंदीत बोलायच्या. माझ्याशी मराठीत बोलल्या की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

“आज मी इकडेच आहे,” त्या म्हणाल्या. “मला खरोखर भीती वाटते.”

मी विचारलं, कशाची.

“ते जोरात श्वास आत ओढणार. दात सुटून श्वासाबरोबर आत गेला तर? पोटात गेला तर एक वेळ ठीक. छातीत गेला तर भर वरातीत काय करशील?”

ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. भिंतीवरचे लोकसुद्धा. मला वाटलं, चालत पलीकडे जावं आणि कारण सांगून मोकळं व्हावं. पण डोळ्यांसमोर तो दुमडलेला ओठ येत होता. मी म्हटलं, चारही दात एकमेकांना आणि शेजारच्या मजबूत सुळ्यांना पातळ तारेनं बांधले तर? एखादा सुटला तरी तारेला लटकून राहील. आधी साखर खाली आणायची, हिरड्या साफ करायच्या आणि मगच तार. आणि मोसमभर दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाऊन बघणार.

 मॅडमनी विचारलं, की दात ज्यांचे आहेत ते काय म्हणतात?

आम्ही सगळेच चाचांच्या घरी गेलो. मॅडमनी दात श्वासात जाण्याची भीती त्यांना काहीही न लपवता सांगितली. चाचांनी पेटी जवळ ओढली आणि तिच्यावर हात ठेवला. तेवढ्यात दारातून चाचीच बोलली.

“बाँध दो बेटा. ये घर में बैठ गए तो मुझे रोटी बनाना सिखाएँगे.”

चाचा हसले आणि मान डोलावली. बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “तार तू बांधायची. सही माझी. आणि माझं मत बदललेलं नाही, हे लक्षात ठेव.”

साखर खाली यायला वेळ लागला. चाचीनं त्यांचा गोड चहा बंद केला आणि त्यासाठी माझ्या नावानं बोटं मोडली, असं चाचांनीच सांगितलं. मग मी तार बांधली. मॅडम शेजारी उभ्या होत्या, पण हात लावला नाही. काही दिवसांनी घरी गेले तेव्हा चाचा ओट्यावर बसून वरचे सूर लावून बघत होते. लागत होते.

मोसम अर्धा झाला असेल. एका दुपारी ओपीडीच्या दारात चाचा उभे, अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात पेटी, आणि रुमाल तोंडाशी. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि रुमाल बाजूला केला. चारांपैकी एक दात मुळापासून पूर्ण सुटला होता आणि तारेला लटकत होता. वाजवताना सुटला, ते म्हणाले, पण कुठे गेला नाही.

मॅडम आल्या, वाकून बघितलं. त्यांची भीती खरी ठरली होती आणि माझी तारही.  त्यांनी तो दात हलकेच सोडवून घेतला.

मग एक गंमत झाली. आता मीच घाबरले. एक गेला म्हणजे उरलेलेही जातील, सगळे काढून टाकू या, असं मी म्हणायला लागले. आणि मॅडम म्हणायला लागल्या, की कशाला, बाकीचे तीन नीट धरून आहेत, हिरडी सुधारली आहे. आम्ही मराठीत वाद घालत होतो आणि मध्ये चाचा तोंडात कापूस धरून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी हातानंच विचारलं, की संध्याकाळी वरात आहे, वाजवू की नको?

मॅडमनी तो निघालेला दात चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात फिरवायला सुरुवात केली. अगदी दाल बाज़ारात त्या हरभऱ्याकडे बघत होत्या तशा.

“वरचा भाग तर धड आहे,” मी म्हटलं. “खराब आहे ते मूळ.”

“मग मूळ टाकून दे,” त्या म्हणाल्या.

मी त्याचं मूळ कापलं, आतून साफ केलं, तळ बंद केला, आणि चाचांचाच दात त्यांच्याच जागी तारेला चिकटवून परत बसवला. आता हिरडीत काही नाही, पण ओठाला टेकायला दात आहे. असं करतात हे मी वाचलं होतं; क्लॅरिनेटचा भार तो पेलेल का, हे कुठे लिहिलेलं असणार? त्या संध्याकाळी वाजवायचं नाही, एवढं मात्र आम्ही दोघींनी एका सुरात सांगितलं. त्यांनी ऐकलं. कोट घालून वरातीत चालले, पण वाद्य दुसऱ्याच्या हाती दिलं.

आणखी दोन मोसम त्यांनी तसे काढले. मग उरलेले दातही गेले. कवळी बसली, पण ओठ काही तितका बसला नाही. आता ते बँडच्या पुढे छडी घेऊन चालतात आणि मागच्यांना हातानं लय देतात. चाची म्हणते, घरी येऊन रोट्यांनाही देतात.

मॅडम निवृत्त झाल्या. माझं दर्पण कॉलनीत छोटं क्लिनिक आहे, तिथं त्या अधूनमधून डोकावतात. मागे एकदा मी त्यांना विचारलंच, की त्या दिवशी तुम्ही माझ्या बाजूला का नाही आलात? एवढ्या सगळ्यांसाठी गेलात, माझ्याचसाठी नाही. मला वाटलं होतं, मला कणखर करायला, असं काहीतरी म्हणतील.

“आले असते तर तू माझ्यावर टेकली असतीस,” त्या म्हणाल्या. “आणि मला खरंच वाटत होतं की तू चुकतेस. तुला ते माहीत असायला हवं होतं.” मग म्हणाल्या, “रात्री मला झोप नाही आली, हे पण सांगून देते.”

दात परत बसवल्यानंतरच्या आठवड्यातली एक संध्याकाळ मला त्यांच्याबद्दलच्या सगळ्या आठवणींत जास्त आवडते. त्यांचा फोन आला, गोरखीपाशी ये, आरसा घेऊन ये. मी पोचले तर त्या रस्त्याच्या कडेला उभ्या, आणि समोरून वरात येत होती. दात भार पेलतो का हे वाजवताना बघितल्याशिवाय कसं कळणार, त्यांनी विचारलं. त्या संध्याकाळी चाचा पहिल्यांदा पुन्हा वाजवत होते.

आम्ही वरातीत शिरलो. चाचांनी आम्हाला बघितलं, पण तोंड कामात होतं, त्यामुळे फक्त भुवया वर केल्या. मॅडम त्यांच्या अगदी शेजारून चालायला लागल्या, मान तिरकी करून त्यांच्या खालच्या ओठाकडे बघत. नाचणाऱ्यांचे धक्के लागत होते, त्यांची पर्वा नव्हती. गाणं संपलं आणि ढोलवाल्यांनी ताबा घेतला, तसं मॅडमनी चाचांना डोक्यावर दिवे घेतलेल्या बाईच्या जवळ नेलं, तोंड उघडायला लावलं आणि माझ्यापुढे हात केला. मी आरसा दिला. वरातीच्या त्या झगमगीत उजेडात त्यांनी तार बघितली, दात बोटानं दाबून बघितला. मग मला बघायला लावलं. जागचा हलला नव्हता.

चाचांनी ओठ पुसला आणि पुढचं गाणं उचललं, थेट वरच्या सुरावर. मॅडमनी आरसा माझ्या हातात कोंबला, पदर खोचला आणि त्या नाचायला लागल्या. चांगलं नाचत नव्हत्या. हात वर करून, स्पोर्ट्स शूज आपटत, स्वतःभोवती गोल फिरत होत्या. मी इतकी चकित झाले की आधी नुसती उभी राहिले, मग मलाही त्यांनी ओढलं.

वरातीतले एक फेटेवाले वयस्क गृहस्थ बराच वेळ आमच्याकडे बघत होते. अखेर ते जवळ आले आणि आदबीनं विचारलं, आप लोग किनके यहाँ से हैं?

मॅडमना धाप लागली होती. त्यांनी चाचांकडे बोट दाखवलं.

“दाँत वाले,” त्या म्हणाल्या.

त्या गृहस्थांना काय समजलं कुणास ठाऊक. त्यांनी मान तुकवली, कुणाला तरी हाक मारून आमच्यासाठी थंड सरबताचे दोन ग्लास मागवले, आणि आम्ही ते हातात घेऊन, नवरा कोण आहे हेही न बघता, वरातीबरोबर पुढे चालत राहिलो.